तळ्याला लागलेली धाप

लेम्पीनं तळ्याकाठच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तापल्या दगडांवर पाणी उडवलं की गावातल्या बायका डोळे मिटून "आहाहा" करायच्या. साऱ्या फिनलंडात अशी मऊ वाफ नाही, असं त्यांचं मत होतं आणि लेम्पीचंही. म्हणूनच मार्चमधल्या त्या गुरुवारी पहिल्याच पळीला सगळ्याजणी नाक दाबून बाकांवरून खाली उतरल्या, तेव्हा ती चक्रावली. खोलीभर नासक्या अंड्यांचा वास!

"वन्सं," तिची भावजय हेल्ला हसू दाबत म्हणाली, "वाटाण्याचं सूप किती वाडगे घेतलंत दुपारी?"

"तीन. तू चार घेतलेस."

"हो, पण मी चार घेऊनही सभ्यपणे बसलेय ना!"

गुरुवारी घरोघर तेच सूप, त्यामुळे संशयातून सुटलेलं असं कुणीच नव्हतं. प्रत्येकीनं शेजारणीकडे बोट दाखवलं. हसून हसून पोटं दुखायला लागली. लेम्पीनं दुसरी पळी उडवली आणि वास दुप्पट झाला. मग तिनं सरळ बादलीतच नाक घातलं.

"अगं बायांनो, हे माझं पोट नव्हे. हे तळं आहे!"

बादली नेहमीप्रमाणे तळ्याच्या बर्फात वाफेनंतर डुंबण्यासाठी राखलेल्या भोकातून भरली होती. भोक गोठू नये म्हणून तिथं एक छोटा पंप सतत पाणी ढवळत असे. लेम्पी वाफाळत्या अंगानं, डोक्यावर लोकरी टोपी तेवढी ठेवून, शिडीवरून त्यात उतरली. पाणी कमरेला लागलं आणि ती किंचाळली.

"मासे! गुदगुल्या करताहेत मला!"

बायका काठावर धावल्या. तिच्याभोवती मासेच मासे होते, लहान, मोठे, गुडघ्यांना घासत जाणारे. लेम्पी खिदळत होती. पण जरा वेळानं तिला त्यांची तोंडं दिसली. पाण्याच्या वर काढलेली, सारखी उघडमीट करणारी, जिना चढून दमलेल्या माणसासारखी. तिचं हसू तिथंच थांबलं. जन्मभर तिनं याच तळ्याच्या पाण्याची कॉफी प्यायली होती.

तिनं पाण्याची तपासणी करणाऱ्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या बाईनं नीट समजावलं. "यंदा बर्फावर हिमाचा फार जाड थर बसलाय. आत उजेड जात नाही, म्हणून पाण्यातली हिरवळ प्राणवायू तयार करत नाही. तळाचा गाळ मात्र कुजताना आहे तोही संपवतो. वास त्याचाच. पंपाजवळ थोडी हवा मिसळते, म्हणून मासे तिथं आलेत."

"आणि तीही पुरली नाही तर?"

"मासे मरतील. गाळातलं खत पाण्यात सुटेल आणि उन्हाळ्यात तुमचं तळं हिरव्या रश्श्यासारखं दिसेल. हिम उपसा बाई, जमेल तेवढं उपसा. आता ऊन चढतंय, उजेड आत गेला तर बरेच वाचतील."

रविवारी त्याच बर्फावर मासे धरण्याची शर्यत होती. गावोगावचे लोक स्टुलं आणि गळ घेऊन आले, बर्फात भोकं पाडून तासन् तास बसले. एकालाही मासा लागेना. शर्यतीचा प्रमुख होता लेम्पीचा भाऊ ओइव्हा. मासे सगळे सॉनापाशी त्या भोकात गोळा झालेत, हे त्याला बायकोच्या, हेल्लाच्या, तोंडून कळलंच होतं. तो बर्फ भोसकायचं गिरमीट खांद्यावर टाकून सॉनाकडे निघाला आणि मागून सगळे स्पर्धक.

लेम्पीनं त्यांना लांबूनच पाहिलं. "हेल्ला, कपडे काढ! सॉना पेटलाय ना? बायकांची वेळ सुरू!"

बायकांच्या वेळेत त्या भोकाच्या आसपास पुरुषानं फिरकायचं नाही, हा गावाचा नियम आजवर कुणी मोडला नव्हता. ओइव्हा जागच्या जागी उभा राहिला आणि पाठ वळवून ओरडला, "लेम्पे, आज रविवार आहे! किती वेळ चालणार तुमचं?"

"तळ्यावरचं हिम निघेपर्यंत, दादा!"

"लोक मासे धरायला आलेत गं!"

"मग आज धरा, आणि पुढच्या वर्षी नुसतं बर्फाकडे बघत बसा!"

एक बाई गारठून बाहेर आली की दुसरी वाफेतून पळत जाऊन भोकात उतरे. जाताना पुरुषांच्या पाठींकडे बघून ओरडे, "अजून फावडी नाही आली?" सॉनातून असा हशा उसळत होता की शेवटी स्पर्धकांनाही हसू आवरेना. ओइव्हानं डोकं खाजवलं, गिरमीट खाली ठेवलं आणि जाहीर केलं, की बक्षिसाची डुकराची धुरी दिलेली तंगडी आता सगळ्यांत मोठा पट्टा साफ करणाऱ्याला.

मग काय विचारता! फावडी आली, ढकलगाड्या आल्या, कुणी तर घराचं दारच उचकटून आणलं हिम ढकलायला. धाकट्या गावकऱ्यांची थोरल्यांशी चुरस लागली, एकमेकांच्या पट्ट्यात हिम लोटल्यावरून भांडणंही झाली. संध्याकाळी तळ्यावर लांबच लांब काळेभोर, चकचकीत पट्टे उमटले होते. त्यानंतर नवं हिम पडलं की कुणी ना कुणी झाडून जाई.

ऊन चांगलं तापू लागल्यावर एका दुपारी लेम्पी पुन्हा शिडी उतरली. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. तिनं पाय इकडेतिकडे हलवून पाहिले.

"काय झालं हो वन्सं?" हेल्लानं काठावरून घाबरून विचारलं.

"एकही नाही गं!"

दोघींनी पाण्यावर, कडेकडेनं पाहिलं. तरंगणारं काही नव्हतं. मग हेल्लाच ओरडली, "ते बघा, तिकडे!" दूर, साफ केलेल्या बर्फाखालून एक लांबलचक सावली सपकन गेली, तिच्यामागे बारक्या माशांचा घोळका.

"सोडून गेले मला!" लेम्पी म्हणाली, आणि हसत हसत टोपीसकट पाण्याखाली गेली.