हिरवी पिन

आमच्या लातूरच्या घरातला कम्प्युटर म्हातारा झालाय, मान्य. पण त्याचा आवाज नेमका रविवारीच का बसावा, हे मला महिनाभर कळत नव्हतं.

रविवारी दुपारी परदेशात नोकरी करणाऱ्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल येतो. आईला मोबाइलवरचं ऐकू येत नाही आणि हेडफोन कानाला सोसत नाही. म्हणून हा डबा आणि त्याचे दोन मोठे स्पीकर मी जपून ठेवलेत. आठवड्यातून तेवढाच वेळ ती लेकीचा आवाज ऐकते. आणि नेमके तेव्हाच स्पीकर मुके.

पहिल्यांदा सेटिंग उघडून बसलो, ड्रायव्हर काढून परत टाकला. अर्धा कॉल त्यातच गेला. शेवटी मागे हात घातला तर स्पीकरची हिरवी पिन निम्मी बाहेर. दाबली, आवाज आला, तोवर बहिणीची ड्युटीची वेळ झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी उंदराला शिव्या दिल्या, झाडूला बोल लावला, मग झाडणाऱ्या बायकोलाही. तिनं अबोला धरला तो वेगळाच. तक्रार नव्हती ती फक्त आईची.

मग डबा मांडीवर घेऊन रिक्षातून दुकानात नेला. तिथं तो ठणठणीत वाजला.

"मशीन टकाटक हाय, सर. पिनच निघायली तुमची," दुकानदार म्हणाला. मला त्याचाही राग आला. घरी येऊन पिनेवर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले.

रविवारी पाहतो तर चिकटपट्टी सरळ कापलेली. उंदीर काही कात्री वापरत नाही. कात्री आईच्या शिवणाच्या डब्यात असते.

"आई, तू काढतेस पिन?" मी तिच्या कानाशी ओरडलोच.

"हळू बोल. सव्वा महिना न्हाई झाला अजून."

भिंतीपलीकडच्या काकूंची मुलगी नुकतीच गेली होती. बहिणीच्याच वयाची. मी मातीला जाऊन आलो होतो. शेजारी माती झाली की सव्वा महिना टीव्ही मोठ्यानं लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. टीव्ही मीच बारीक ठेवत होतो. कम्प्युटर त्यात धरायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आपली पोरगी लई मोठ्यानं हसती," आई म्हणाली. "त्या माउलीच्या कानावर कशाला?"

"मग तुला काय ऐकू येणार?"

"तोंड दिसतंय की तिचं."

महिनाभराची चिडचिड आठवून मला स्वतःचीच लाज वाटली. कॉल आला, तेव्हा हिरव्या पिनेच्या जागी हेडफोनची पिन खुपसून तो मीच कानाला लावला.

"दादा, आज आईला नीट ऐकू येतंय ना?" बहिणीनं विचारलं.

आई पडद्यावरच्या ओठांकडं बघत मान हलवत होती. "हाव, बोल," म्हणाली.

"येतंय," मी म्हणालो.