चौदा किलोचा तोरा

हे बाहेर कोणाले सांगू नका बरं! तुमी घरचे, म्हणून माहं येडेपण माह्याच तोंडानं सांगून राहिलो. अन् हसाचं असन तर आधी चहा खाली ठेवा.

चौदा किलो! ऐकलं ना? पाच महिन्यात चौदा किलो वजन उतरवलं मी. मी अमरावतीचा टेलर. तीस वर्षं लोकाईच्या कंबरा मोजल्या, अन् एक दिवस सोताची मोजली तर बेचाळीस! डॉक्टर म्हणे, पोळी कमी, भात कमी, साखर बंद. मी म्हटलं, कमी-बिमी आपल्याले जमत नाही, सारंच बंद! खाल्लं काय, तर अंडे, पनीर, मेथी, वांगे. वऱ्हाडचा माणूस, अन् पाच महिने भाकरीचा तुकडा तोंडात नाही. आहे का कोणाची हिंमत? कंबर छत्तीसवर आली. सोताच्या पँटी सोताच तीनदा अल्टर केल्या. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी माही कंबर मोजून दाखवत होतो, मंग त्याची मोजत होतो.

आता माही ताई राहते अकोल्याले. तिचे मालक वारले तवापासून तिच्या पोराचं, मंगेशचं, सारं मीच पाहतो. पोट्टा दोन वर्षांपासून लग्नाले नाही-नाही करून राहिला होता. अन् अकोटच्या शीतलचा फोटो पाहिला, तं सोताच म्हणे, "मामा, हे जमवाच!"

मंग आमी तिघं पोरगी पाहाले निघालो, तवा ताईनं मले बजावलं, "भाऊ, तिथं बापाच्या जागी तूच हायेस. नीट वाग."

"मी काय लहान आहो का?"

आमच्याकडं रीत आहे. पोरगी पसंत असली की पोराकडचा मोठा माणूस त्या घरी तोंड गोड करते. पसंत नसली तर काहीतरी निमित्त काढते अन् ताटाले हात लावत नाही. तोंडावर नकार कोण देते? बरं, हे मले माहीत नव्हतं का? पन्नास सोयरिकीत बसलेला माणूस मी! पण त्या दिवशी डोक्यात फक्त कंबर होती.

अकोटले शीतलचे बाबा, विठ्ठलराव, दारातच हात जोडून उभे. बसलो. पोहे आले.

"नाही. पोहे चालत नाहीत मले."

चहा आला. "साखर आहे ना? मंग राहू द्या."

विठ्ठलरावाचं तोंड उतरलं. मले वाटलं, माणूस माह्या निश्चयानं गार झाला!

"मामा, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकते? मी घरूनच ठरवून निघालो."

मंगेशनं कोपर मारलं. मी सरकून बसलो, म्हटलं पोट्ट्याले जागा कमी पडून राहिली असन.

मंग ताटं आली. शीतलच्या आईनं सकाळपासून खपून पुरणपोळ्या केल्या होत्या. तुपाचा वास असा, की काय सांगावं! मी काय केलं? पोळी उचलली अन् ताटाबाहेर ठेवली.

"मामा, एक घास तरी!" मंगेश रडकुंडीले आला.

"एक घासच माणसाले बुडवते, बेटा!" अन् मंग मी सुरूच झालो. गहू इख, गूळ जहर, भात त्याचा भाऊ. ती माउली दारात पोळ्यांचं ताट घेऊन उभीच. एवढ्यावर थांबावं ना? नाही! खिशातून टेप काढला अन् विठ्ठलरावाले उभं केलं. पंचेचाळीस!

"पाहा," मी म्हटलं, "हे या पोळ्याईचं काम आहे."

शेवटी विठ्ठलरावानं पेढ्यांची वाटी माह्यासमोर धरली. "मामा, आता सारं तुमच्या हाती."

मी वाटीवर तळहात ठेवला. "हे आपल्याच्यानं होणार नाही."

शीतल उठून आत गेली. अन् मी मनात म्हणतो, वा रे पठ्ठ्या! पेढा नाकासमोर, अन् जीभ हलली नाही!

अकोल्याच्या एसटीत ताई तोंड फिरवून बसली. मंगेश खिडकीतून बाहेर पाहून राहिला. शेवटी मीच म्हटलं, "पाहिलं का? पोहे, पोळी, पेढा, तिन्हीले पुरून उरलो!"

ताई माह्याकडं वळली. "भाऊ, तू पोराची सोयरीक मोडून आला."

आता गं माय! तवा कुठं माही ट्यूब पेटली. पायाखालची जमीनच सरकली. मंगेश एवढंच म्हणे, "जाऊ द्या मामा." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बापाच्या जागी नेलं होतं हो मले त्यानं!

मुक्काम ताईकडंच होता, पण डोळ्याले डोळा लागला नाही. फोनवर माफी मागून हे निस्तरणार नव्हतं. ताटावर मोडलं ते ताटावरच जोडा लागते. सकाळी कोणाले न सांगता पहिली एसटी धरली अन् अकोटले विठ्ठलरावाच्या दारात उभा.

"विठ्ठलराव, मी चुकलो. पोळ्या वाढा!"

पुरण कालचंच होतं. पहिली पोळी खाल्ली अन् म्हटलं, "पोरगी पसंत!" दुसरी खाल्ली, "घर पसंत!" विठ्ठलराव समोर बसून नुसते पाहून राहिले. हू नाही की चू नाही. म्हटलं, अजून राग गेला नाही. तिसरी, चौथी, पाचवी. वरून तुपाची धार. पाच महिन्यांचा उपाशी जीव, काय सांगू तुमाले, पोळी गिळून राहिलो होतो की रडून राहिलो होतो, मलेच समजेना. सहाव्या पोळीले पँटचं हुक तुटलं. माह्या हातचं हुक! तीस वर्षांत गिऱ्हाइकाचं तुटलं नाही कधी.

सात पोळ्या अन् चार पेढे झाले. शीतल आठवी घेऊन आली. "मामाजी, वाढू का?"

मी घाम पुसला. "तुह्या बाबाचा राग गेला नसन, तर वाढ."

"राग?" ती पदराआड हसाले लागली. "तो तर कालच गेला. मंगेशनं रात्री तुमी निजाले गेल्यावर बाबाले फोन करून तुमच्या डायटचं सारं सांगितलं. साखरपुड्याची तारीखबी निघाली."

माह्या हातातला घास हातातच राहिला. "अहो विठ्ठलराव! मंग पहिल्या पोळीलेच सांगाचं ना!"

"सांगणारच होतो मामा," विठ्ठलराव म्हणे. "पण इतकं मन लावून जेवणारा माणूस अख्ख्या अकोटात पाहिला नाही. मधात बोलाची हिंमतच झाली नाही."