कालिंदीकाकूंचा नंबर

कालिंदीकाकूंना नाही म्हणता येत नाही, हे आमच्या गल्लीला पाठ होतं. सगळ्यांनी त्याचा फायदा घेतला. मीही घेतला.

आमची वीस बायकांची भिशी. महिन्याला प्रत्येकीचे पाच हजार, जिची चिठ्ठी निघेल तिला लाख. तिसऱ्याच महिन्यात काकूंची चिठ्ठी निघाली. माझ्या घराचं छत गळत होतं. मी तोंड पाडलं आणि काकूंनी आपला नंबर मला देऊन टाकला. आठव्या महिन्यात पुन्हा त्यांचीच निघाली, तर तो नंबर सुरेखाला दिला. "मला कसली घाई? पैसे कुठं पळून जातात?" म्हणायच्या.

पैसे नाही पळाले, भाव पळाले. काकू घरी चकल्या करून विकतात. सोऱ्या दाबून दाबून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता, म्हणून चकलीचं मशीन घ्यायचं होतं. पहिल्यांदा भिशी लागली तेव्हा ते ऐंशी हजारांना होतं, सुरेखाला नंबर दिला तेव्हा नव्वद. चौदाव्या महिन्यात, भिशीच्याच दिवशी सकाळी शहागंजातला दुकानदार म्हणाला, "अठ्ठ्याण्णव, तेही आजचा दिवस. उद्यापासून एक लाख बारा." वरचे बारा हजार काकू कुठून आणणार? तेला-डाळीच्या भावानं हातात काही उरतच नव्हतं.

त्या दुपारी डब्यात सात चिठ्ठ्या होत्या. सुरेखानं एक उचलून उघडली.

"कालिंदीकाकू."

काकूंनी श्वास सोडला, तोच तनुजा पुढं सरकली. "काकू, मला द्या ना. आमच्या श्रेयाच्या कॉलेजची फी भरायचीय, परवा शेवटची तारीख. लई अडचण हाय."

सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या. खरं तर मी बोलायला हवं होतं. मी पदराशी चाळा करत बसले; सांगायला लाज वाटते.

"नाही गं," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. "या वेळी नाही देत."

केलेला चहा तसाच राहिला. बायका उठून गेल्या.

मशीन आलं. पहिल्या घाण्याच्या चकल्या काकूंनी माझ्या हाती तनुजाकडे पाठवल्या. आमच्या गल्लीत ताटली रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

संध्याकाळी ताटली आली. घासूनपुसून लख्ख, रिकामी.

काकूंनी ती फळीवर ठेवली. मग त्यांनी मशीन सुरू केलं.