आनंदाच्या तासाची खुर्ची

उभ्या माणसाजवळ काही साठत नाही म्हणतात. खोटं आहे. पायात कळ साठते आणि तोंडात किस्से. किकवीजवळ हायवेला आमचं मसाल्याची पाकिटं भरायचं युनिट. आम्ही भोंगवलीच्या बायका टेम्पोनं येतो आणि दिवसभर पाकिटांच्या सरकत्या पट्ट्याजवळ उभ्या राहतो. त्यात कंपनीनं दर शनिवारी ‘आनंदाचा तास’ सुरू केला. मग तर काय, किस्से ठेवायला जागा नाही!

*

पुण्याहून मॅडम आल्या. बाई गोड, उगाच नावं कशाला ठेवू. म्हणाल्या, “आनंदाचं एक शास्त्र असतं. आनंद शिकता येतो.” मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. आम्ही बसलो. मॅडमनी एकेकीला विचारलं, “एक ते दहामध्ये तुम्ही किती आनंदी आहात?”

हौसाक्का आमच्यात थोरल्या. माहेर वेल्ह्यातलं, पासलीचं. लहानपणापासून भाताच्या चिखलात उभ्या राहिल्या, गुडघे तिथंच गेले. त्या म्हणाल्या, “आत्ता बसलेय तर नऊ. पट्ट्याला उभी ऱ्हायले की एक!”

मॅडमनी सरासरी काढून पाच लिहिलं.

*

मग वह्या वाटल्या. रोज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. नजमा भोरहून एसटीनं येते. तिनं लिहिलं: एसटी आली. खिडकी मिळाली. शेजारी कुणी बसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, “छान! पण घरच्यांबद्दल एकही ओळ नाही?”

“एसटीत घरचे नसतात ना, मॅडम. तीच तर चौथी गोष्ट!”

*

गेटवर फळा लागला. हसरं तोंड, मधलं तोंड, रडकं तोंड. जाताना आपल्या तोंडाखाली खूण करायची. पहिल्या आठवड्यात रडक्याखाली जागा उरली नाही.

सुपरवायझर चिडला. “मोठे साहेब येणारेत. हे काय दाखवू त्यांना?”

मी म्हटलं, “मग रडकं तोंड पुसूनच टाका की!”

मी चिडून बोलले होते हो. त्यानं खरंच पुसलं! पुढच्या आठवड्यात मधलंही गेलं. आता फळ्यावर एकच तोंड आहे. खूण करा नाहीतर करू नका, आम्ही आनंदी!

*

एकदा हसण्याचा व्यायाम घेतला. हात वर करून सगळ्या मोठ्यानं ‘हा हा हा!’ सुपरवायझर धावत आला. “काय झालं? कुणाचा हात सापडला मशीनमध्ये?”

आमचं हसू त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं. त्याची तरी काय चूक!

*

वर्षभर आम्ही एकच मागत होतो, स्टूल. सुपरवायझरचं उत्तर ठरलेलं, “बसलं की हात मंदावतो.” मध्ये कागद वाटले, ‘तुमचा आनंद कशानं वाढेल?’ सगळ्यांनी लिहिलं, स्टूल. मी तर दोनदा लिहिलं, अक्षर वाईट म्हणून.

महिन्यानं खोकं आलं. उघडलं तर चहाचे कप! प्रत्येकावर पिवळं हसरं तोंड.

हौसाक्कांनी कप फिरवून फिरवून बघितला. म्हणाल्या, “लई नाजूक हाय गं. माझं वजन न्हाई पेलायचा.”

हसून घेतलं आम्ही. पण त्याच दिवशी सुपरवायझरनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “हौसाबाई, तुमचं उभं राहणं जमेना. दिवाळीनंतर घरीच बसा.” घरी बसून चालणार होतं कुठं? हौसाक्कांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही.

*

दिवाळीच्या आधीचा शनिवार. मॅडम म्हणाल्या, “डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.” पहाटे चारला उठलेल्या बायका आम्ही. दोन मिनिटांत निम्म्या घोरायला लागल्या.

तेवढ्यात मॅडमना फोन आला. बोलत बोलत त्या बाहेर गेल्या, आणि गाडीत बसून निघूनही गेल्या.

शिट्टी वाजली. आम्ही धडपडत उठलो. हौसाक्का नाही उठल्या.

“हौसाबाई, उठा! पट्टा चालू झाला,” सुपरवायझर ओरडला.

डोळे मिटलेलेच. “मॅडमनी अजून उघडा म्हटलं न्हाई.”

“अहो, गेल्या मॅडम!”

“मग येतील तवा म्हणतील.”

सुपरवायझर ओरडणार तरी कुणावर? कंपनीचाच तास, कंपनीच्याच मॅडम! मी नजमाकडं पाहिलं. तिनं खुर्चीचा एक हात धरला, मी दुसरा. हौसाक्कांसकट खुर्ची उचलून पट्ट्याला लावली. खोकं त्यांच्या पुढ्यात सरकवलं. हौसाक्कांनी हात चाचपडत पाकीट उचललं, खोक्यात लावलं, दुसरं उचललं. डोळे मिटलेलेच.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझी अकरा खोकी झाली. हौसाक्कांची तेरा. सुपरवायझरनं दोनदा मोजली.

तेवढ्यात मंडपवाला आला. “साहेब, एक खुर्ची कमी भरतीया.”

सुपरवायझरनं हौसाक्कांकडं बघितलं, तेरा खोक्यांकडं बघितलं. म्हणाला, “राहू दे. मॅडम येईपर्यंत.”

दिवाळी झाली, तरी हौसाक्का पट्ट्याला त्याच खुर्चीत. पुढच्या शनिवारी मॅडमची गाडी गेटात शिरली, तशी नजमा हातातलं पाकीट टाकून पळाली आणि गाडीला आडवी उभी राहिली.

“मॅडम, काय शिकवायचं ते शिकवा. पण आमच्या हौसाक्कांना ‘डोळे उघडा’ तेवढं म्हणू नका!”