आभाळाला दिसलेली राख

त्र्याण्णव सालच्या चैतात सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळीच झळा लागत होत्या. गुंताबाई मव्हाखाली, म्हणजे मोहाच्या झाडाखाली, वाकून फुलं वेचत होती. झाडाखालचा पाचोळा जाळला की पडलेलं फूल चटकन दिसतं. सगळा पाडा तसंच करायचा. गेल्या साली मात्र तिच्या हातची आग वाऱ्यानं पळवली आणि अख्खी टेकडी काळी झाली. कुणी पाहिलं नव्हतं. नवरा पुन्या म्हणाला होता, "कोनले सांगू नको. नेवाड जाई."

नेवाड म्हणजे जंगलातलं बिनकागदाचं वावर. लग्न होऊन आल्यापासून दगड वेचून वेचून तिनं ते नांगराखाली आणलं होतं. चूल त्याच्यावरच पेटायची.

आज जिल्ह्याचा साहेब आला, काखेत नकाशाची गुंडाळी. मागं वनरक्षक झुलाल. साहेबानं नकाशा दगडावर पसरला. उपग्रहानं वरून फोटो काढलाय म्हणाला. पाणी कुठं अडवायचं, गवत कुठं राखायचं, ते यावरून ठरणार. गुंताबाईनं वाकून पाहिलं. टेकडीवर काळा डाग, अन् डागाचं शेपूट थेट तिच्या मव्हापाशी! आभाळानं बघितलं होतं तर.

"हे पाणीच ना, बाई?" साहेबानं त्या डागावर बोट ठेवलं. "पाणी असंच काळं दिसतं. मग खालच्या नाल्यातला बांध रद्द करू, इथंच घालू."

खालच्या नाल्यात पाड्याचा एकुलता झिरा. वैशाखात बाया त्यातून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. तिथं बांध झाला तरच तो टिकणार होता.

"बोल ना माय," झुलाल हसला. "दातखीळ बसनी का?"

हो म्हटलं की सुटका होती.

"पानी नहीं शे, साहेब. राख व्हती ती. पाचोळा मीच जाळा. वारा सुटना, आग डोंगरले चढनी."

झुलालचं हसू मावळलं. साहेबानं पेन्सिलीनं डागावर फुली मारली. "बांध खालीच," एवढंच बोलून त्यानं नकाशा गुंडाळला.

झुलाल मागं रेंगाळला. वावराकडं बघत म्हणाला, "हाई नेवाड तुन्हंच ना? सांजले पुन्याले आफिसात धाडजो."

दोघं दिसेनासे झाले तरी ती उभीच होती. उद्याच्या फुलांसाठी झाडाखालची जागा साफ करायची होती. हात सवयीनं कमरेच्या काडेपेटीकडं गेला. तिनं एकदा वर बघितलं. मग खाली बसली अन् पाचोळा हातांनीच ओढू लागली.