संमतीचा तास

मी राज्यशास्त्र शिकवते. वणी भागातल्या एका लहान कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा पेपर गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. माहेर यवतमाळचं, वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत. सरकार म्हणजे आमच्या घरी सुतळीने बांधलेल्या फायली. त्यांची भीती कधी वाटली नाही.

माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती, तिशीच्या आसपासची. बारावी होताच लग्न झालेलं, आता घरच्या कापूस-तुरीतून वेळ काढून कॉलेजला यायची. राजूरकडच्या तिच्या गावात ती महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची सदस्य होती. सभेला मात्र नवरा जायचा. रजिस्टर घरी यायचं आणि ती सही करायची. "मेंबर मी, पन खुर्ची त्यायची," असं तिनं प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, ओळख म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तेरा वसाहती इंग्लंडच्या राजापासून का फुटल्या ते शिकवत होते. ज्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही माणूस नव्हता, ते पार्लमेंट कागदावर, चहावर कर बसवत होतं. त्यांनी अर्ज पाठवले, राजाने दाद दिली नाही. उलट सैन्य पाठवलं. शेवटी त्यांनी राजाविरुद्धच्या तक्रारींची यादीच लिहून काढली आणि जाहीर केलं, की सरकारला सत्ता मिळते ती लोकांच्या संमतीतून. ती पायदळी तुडवली गेली तर लोक सरकार बदलू शकतात. हे मी दरवर्षी सांगते. मुलं वहीत 'जनतेची संमती' असं लिहून खाली रेघ मारतात आणि आम्ही पुढच्या तत्त्वाकडे, मर्यादित शासनाकडे वळतो.

त्या दिवशी ती उभी राहिली. "मॅडम, संमती देली का नाही देली, हे ठरवते कोन?"

"लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी," मी म्हणाले.

"आन त्या प्रतिनिधीलेच माहीत नसन तं?"

वर्ग हसला. ती हसली नाही.

तास संपल्यावर ती स्टाफरूममध्ये आली आणि दाराकडे पाठ करून बसली. चार दिवसांपूर्वी ती बायांबरोबर कापूस वेचत असताना शेतावर ड्रोन आला होता. बराच वेळ डोक्यावर घोंगावत राहिला. बाया पदर ओढून पऱ्हाटीत, कपाशीच्या ओळींमध्ये, खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी गाडीतून दोन माणसं आली आणि शेताच्या हद्दीवर, धुऱ्यावरच्या दगडांवर लाल रंगाने आकडे टाकू लागली. हे काय, असं तिनं विचारलं, तर एकजण म्हणाला, "खाणीसाठी गावानं तर ना हरकत देली आहे. मेंबर लोकायच्या सह्या आहेत."

"मीच मेंबर आहो ना, मॅडम," ती म्हणाली. "तुमी सोबत या. भांडायचं नाही. निस्तं वाचून द्या."

मला जायचं नव्हतं. दोन दिवस मी टाळलं. मग बुधवारी दुपारी गेले.

ग्रामसेवक अदबीने वागला. खुर्ची दिली, चहा मागवला, रजिस्टर स्वतः उघडून समोर ठेवलं. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात सह्या होत्या, निळ्या शाईत, चौथी तिची. वर काळ्या शाईत ठराव होता: कोळसा खाणीच्या विस्तारासाठी जमीन देण्यास गावाची हरकत नाही. सुरुवातीच्या ओळी ऐसपैस होत्या. सह्यांजवळ येता येता अक्षर बारीक होत गेलं होतं आणि शेवटची ओळ पहिल्या सहीच्या डोक्यावर कशीबशी कोंबलेली होती. मी मोठ्याने वाचत गेले. वाचून संपलं तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "ह्या तं हजेरीच्या सह्या होत्या. वरतं कोरं होतं."

"ताई, सही ते सहीच असते," ग्रामसेवक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या एका माणसाने मोबाइलवर माझा फोटो काढला. मी वळून पाहिलं. त्याने फोन खिशात ठेवला आणि ओळखीचं हसला. मी कोण, हे त्याने विचारलं नाही. परतताना एस.टी.त मला तेच आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. फोटो त्यांच्या फोनवर पोचला होता. "तुम्ही अमेरिका शिकवा," ते म्हणाले. "तिथलंच शिकवा. इथलं कशाला जोडता?" माणूस वाईट नाही, मला वाटतं, तेही घाबरले होते. त्या आठवड्यात मी सत्तेच्या विभाजनावर बोलले, एका सत्तेने दुसरीला आवर कसा घालायचा त्यावर. वर्गाचं दार लावून घेतलं होतं. माझा आवाज नेहमीपेक्षा लहान झाला होता आणि त्याची मला लाज वाटत होती.

ती मात्र थांबली नाही. फुलस्केप कागदावर तिनं एकेक तक्रार लिहून काढली: ड्रोन न विचारता आला, दगड न विचारता रंगवले, सभेत खाणीचा विषय निघालाच नाही, सह्या कशासाठी घेतल्या ते कोणाला सांगितलं नाही. अशा अकरा तक्रारी झाल्या. दुपारी बाया शेतातून आल्या की ती घरोघर जाऊन कागद पूर्ण वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची. जिथे जिथे कोरी जागा उरली, तिथे तिनं आडव्या रेघा मारून टाकल्या. नवरा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

तो कागद तिनं अर्ज म्हणून पंचायतीत दिला आणि त्यावर विशेष ग्रामसभा लागली. मी गेले नाही. फोनवर कळलं, की जुना ठराव हात वर करून रद्द झाला. जमीन न देण्याचा नवा ठराव तिनं तिथेच, सगळ्यांसमोर लिहायला लावला. नवरा उशिरा येऊन मागे बसला आणि त्यानंही हात वर केला. "सभा चालू असेपरेंत बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या," ती म्हणाली. "इंजन चालू ठेवून. उतरलं कोनीच नाही."

तिसऱ्या दिवशी तिच्या विहिरीवरच्या मोटरची केबल कापलेली सापडली. आजूबाजूच्या एकाही विहिरीला कोणी हात लावला नव्हता. पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एका अनोळखी माणसाने तिच्या तिसरीतल्या मुलीला नावाने हाक मारली आणि शाळा किती वाजता सुटते ते विचारलं. बाकी काही नाही. तेवढंच विचारून तो गेला. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला. नवा ठराव वरच्या कचेरीत गेला. तिथून आजवर उत्तर नाही. आता शेजारच्या गावातही दगडांवर आकडे पडताहेत.

परीक्षेचा फॉर्म भरायला ती आली तेव्हा वाळली होती. फॉर्मवर सही करून म्हणाली, "मॅडम, त्या लोकायनं जाहीरनामा लिहून देला, तवा लढाई संपलती का?"

"नाही. तेव्हा सुरू होऊन वर्षच झालं होतं."

"मंग पुढं किती दिवस चालली?"

"सात वर्षं."

तिनं मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हन्जे पोरगी दहावीत जाईन," ती म्हणाली.

 तिची गाडी साडेचारची होती. मी पर्स घेतली आणि तिच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेले. रस्त्यात आम्ही दोघींनीही मागे वळून पाहिलं नाही, पण एक मोटारसायकल आमच्या चालीनेच मागून येत होती, ती दोघींना ऐकू येत होती.