सफरचंदाचा केक

रॉटरडॅमच्या बंदरात तो क्रेन चालवायचा, आणि त्याच क्रेन माणसाशिवाय चालाव्यात म्हणून मी प्रोग्रॅम लिहायचो. त्याचं कसब टिपून घ्यायला वर्षभर त्याच्या शेजारी बसलो. काहीही विचारलं की आधी तोंडातला पावाचा घास संपवायचा, मग म्हणायचा, "बघ." वाऱ्याचा अंदाज यंत्रावरून नाही, सीगल पक्षी कुठे तोंड करून बसलेत त्यावरून घ्यायचा. माझ्या प्रोग्रॅममधली एक घोडचूकही त्यानेच दाखवली. गप्प बसला असता तर त्याची नोकरी आणखी काही महिने टिकली असती. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

एका शुक्रवारी तो घरून सफरचंदाचा केक घेऊन आला. इथे ज्याचा वाढदिवस, तोच केक आणतो. इथल्या रीती मला कशा ठाऊक आहेत, या तोऱ्यात मी सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला आणि मोठ्याने अभिनंदन केलं. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. तो "थँक यू" म्हणाला आणि माझ्या लेकीसाठी एक तुकडा माझ्या डब्यात ठेवला.

तो गेल्यावर मॅनेजर हळूच म्हणाला, "आज त्याचा शेवटचा दिवस होता."

सोमवारी माझा प्रोग्रॅम सुरू होणार, हे मला पाठ होतं. त्याचं पुढे काय, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

घरी लेकीने डबा उघडला. "बाबा, हूज बर्थडे?"

"ऑफिसातल्या एका काकांचा," मी म्हणालो.